स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या गणिती प्रतिमानात दाह कुठे बसवावा?

आपण प्रतिमानात गाठीच्या लॉजिस्टिक (आधी वेगाने, मग मंदावत एका मर्यादेला टेकणाऱ्या) वाढीचा दर एका दाह-गुणकाने गुणला आहे, आणि गुणक कितीही बदलला तरी गाठ शेवटी त्याच आकाराची होते, ही आपली अडचण आहे. तसे होणारच. लॉजिस्टिक समीकरणात अंतिम आकार धारणक्षमतेवर, म्हणजे त्या कमाल मर्यादेवर, ठरतो. दराने फक्त तिथे पोचण्याचा वेळ बदलतो.

माझ्या मते मुळात जागाच चुकली आहे. 2007 मध्ये स्पेनमधील मारियानो बार्बासिद यांच्या गटाने प्रौढ उंदरांवर दाखवले, की पेशींच्या वाढीचे नियंत्रण करणाऱ्या केआरएएस जनुकातला कर्करोगकारक बदल एकटा असताना गाठ होत नाही. त्याच्या जोडीला सेरुलिन हे स्वादुपिंडाला अति उत्तेजित करणारे द्रव्य देऊन सौम्य पण चिवट स्वादुपिंडदाह निर्माण केला, तर होते. तेव्हा निरोगी पेशी कर्करोगपूर्व अवस्थेत जाण्याचा जो दर असतो, त्यात दाह आधी यायला हवा. वाढीचा दर नंतर पाहता येईल.

शिवाय दाह स्थिरांक मानू नका, कारण तो स्वतःलाच पोसतो. त्याची पातळी 'द' आणि ती बदलण्याचा वेग द′ धरून द′ = द²/(1+द²) − 0.4द हे साधे समीकरण कागदावर सोडवून पाहा. 0, 0.5 आणि 2 असे तीन समतोल (जिथे द′ शून्य होतो) मिळतात, त्यांपैकी मधला अस्थिर असतो, म्हणजे 0.5 च्या खालचा झटका आपोआप ओसरतो आणि त्याहून मोठा झटका 2 वर जाऊन कायमचा ठाण मांडतो. शमनाचा 0.4 हा दर 0.6 केला, की वरचा समतोल नाहीसाच होतो. तीव्र आणि जुनाट दाहातला फरक असा एका प्राचलात (इथे शमनाच्या दरात) पकडता येतो, म्हणून मला हे रूप आवडते.

दाहाने जागृत होणाऱ्या तारकाकृती पेशींचे (गाठीभोवती तंतुमय आवरण तयार करणाऱ्या स्वादुपिंडातल्या पेशींचे) पद मात्र जपून लिहा. त्या गाठीला फक्त मदतच करतात असे मी बरीच वर्षे धरून चाललो होतो. पण 2014 मधील उंदरांवरच्या दोन स्वतंत्र अभ्यासांत गाठीभोवतालचे तंतुमय आवरण घटवल्यावर कर्करोग अधिक आक्रमक झाला. त्या पदाचे चिन्ह (अधिक की उणे) आधीच ठरवून टाकू नका.

पडताळणीसाठी 1993 चा बहुराष्ट्रीय अभ्यास घ्या: जुनाट स्वादुपिंडदाहाच्या ज्या रुग्णांवर किमान 2 वर्षे लक्ष ठेवले गेले, त्यांच्यात कर्करोगाचा संचयी धोका 10 वर्षांनी 1.8 टक्के आणि 20 वर्षांनी 4 टक्के होता. दुसऱ्या दशकातली भर पहिल्याहून थोडीच जास्त आहे. आपल्या प्रतिमानात ती कितीतरी पटींनी जास्त येत असेल, तर निरोगी पेशीपासून कर्करोगापर्यंतच्या पायऱ्या जास्त झाल्या आहेत का, ते आधी तपासा.