ख्रिसमसला मिसलटोखाली उभं राहिलं की चुंबन का घेतात?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमधल्या लीड्सच्या ऑफिसात दारावर मिसलटो टांगलाय आणि सगळे खिदळतायत. आधी एक सांगते, मिसलटो म्हणजे बांडगूळ! आमच्या कोकणातल्या कलमांवर वाढतं ते त्याचंच भावकीतलं. बाबा दरवर्षी कोयत्याने तोडायचे, आणि घरी तळ ठोकून बसलेल्या पाहुण्यालाही आमच्याकडे हाच शब्द.

तिकडे त्याला मान का, ते हिवाळ्यात कळतं. सफरचंदाची झाडं निष्पर्ण होतात, आणि त्याच उघड्या फांद्यांवर हा गोल झुबका हिरवागार, वर मोत्यांसारखी पांढरी फळं. मुळं जमिनीत नाहीत तरी जिवंत! पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने गॉलमधल्या (म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधल्या) ड्रुइड पुरोहितांबद्दल लिहिलंय: ओकवरचं बांडगूळ चांद्रमासाच्या सहाव्या दिवशी, म्हणजे षष्ठीलाच म्हणा ना, सोन्याच्या विळ्याने कापायचं, पांढऱ्या वस्त्रात झेलायचं, दोन पांढरे बैल बळी द्यायचे. ते पाजलं की वांझ जनावर गाभण राहतं, अशी समजूत. चुंबनाचं मात्र त्यात नावही नाही.

दुसरी गोष्ट नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या पुराणकथांतल्या, देव बाल्डरची. त्याला इजा करणार नाही अशी शपथ आईने सगळ्या वस्तूंकडून घेतली, कोवळं म्हणून मिसलटोला सोडलं, आणि त्यानेच तो मेला. तिच्या आसवांची फळं झाली आणि तिने चुंबनाचा वर दिला, हा गोड शेवट तेराव्या शतकातल्या मूळ कथेत नाही. मागाहून चिकटवलेला.

चुंबनाची प्रथा दिसते ती थेट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्लंडमध्ये. १८२० च्या सुमारास अमेरिकन लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंगने नोंदवलंय की शेतघरांत आणि स्वयंपाकघरांत मिसलटो टांगतात आणि खाली सापडलेल्या मुलीचं चुंबन घ्यायचा हक्क तरुणांना असतो. पण दर चुंबनाला एक फळ तोडायचं. फळं संपली की हक्क संपला. त्याखाली जिचं चुंबन कुणी घेतलं नाही तिचं पुढच्या वर्षी लग्न होत नाही, असंही म्हणत. (मुलींना धाक घालायची हौस तिथेही होतीच.)

थोडक्यात, प्राचीन वगैरे काही नाही, सणातला चावटपणा. तुमच्या ऑफिसातला प्लास्टिकचा असेल तर त्याची फळं कधी संपायचीच नाहीत, तेवढं बघा.