दिवाळीनंतर झाडीपट्टीत कोणती नाटके लागणार आहेत आणि त्यांची तिकिटे कशी काढावीत?

आपण पुण्याहून येणार असल्याने आगामी नाटकांची यादी आणि तिकिटांची सोय विचारली आहे. तशी एकत्रित यादी मिळणे कठीण आहे, कारण झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागात, नाटक नाट्यगृहात नव्हे, तर गावातील मोकळ्या जागेत मंडप घालून होते आणि कोणत्या तारखेला कोणती कंपनी बोलवायची हे त्या गावाचे मंडळ ठरवते. म्हणून नाटक निवडून गाव शोधण्यापेक्षा आधी गाव पक्के करावे. भाऊबीजेपासून मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रेचे, दिवस सुरू होतात, पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरतात, आणि मंडई किंवा पट म्हटला की रात्री नाटक हे ठरलेलेच असते.

चौकशीसाठी वडसा गाठावे. कागदोपत्री देसाईगंज असलेले हे गाव गोंदिया–बल्लारशाह रेल्वेमार्गावर आहे. नाट्यकंपन्यांची कार्यालये येथेच असून बाहेर कलावंतांच्या छायाचित्रांचे मोठमोठे फलक लावलेले असतात. आत विचारल्यास त्या आठवड्यात कोणत्या गावी कोणता प्रयोग आहे ते सांगतात. तिकीट बहुधा मंडपाच्या दारातच मिळते.

नाटकांची नावे भडक असतात, त्यावरून मत बनवू नये. कलावंत कोण आहेत ते पाहावे. याच रंगभूमीवर हयात घालवलेल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. विनोदी पात्राच्या तोंडी झाडीबोली, म्हणजे इथली बोली, आली की मंडप कसा उसळतो, हे प्रत्यक्षच अनुभवावे. रंगमंचासमोर बसून नटांना संवाद सांगणाऱ्या प्रॉम्प्टरचा आवाज पुढच्या रांगांना स्पष्ट ऐकू येतो, परंतु कसलेला नट ते वाक्य उचलून असे फेकतो की थोड्या वेळाने तिकडे लक्षही जात नाही. मध्येच येणारी लावणी शहरी प्रेक्षकाला उपरी वाटते (मलाही कधीकधी वाटते), येथील प्रेक्षकांना मात्र ती हवीच असते.

एकच फेरी शक्य असेल, तर डिसेंबर-जानेवारीतील एखादा शंकरपट धरावा, म्हणजे दिवसा पट आणि रात्री नाटक असे दोन्ही पाहून होईल. पडदा रात्री दहाच्या सुमारास उघडतो आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. तेव्हा ब्लँकेट जवळ ठेवावे, मुक्काम वडसा किंवा ब्रह्मपुरी येथे करावा आणि परतीचे वाहन आधीच ठरवावे, कारण त्या वेळी खेड्यातून एसटी मिळण्याची आशा धरण्यात अर्थ नाही.