कंपनी कुठे नोंदवू : पणजी, डेलावेअर की सावंतवाडी?

प्रश्न : मी आणि माझी जाऊ सावंतवाडी तालुक्यात काजूगर तयार करून विकतो. घराशेजारच्या मांगरात आठ बायका कामाला आहेत. माल बहुतेक गोव्यातल्या हॉटेलांना जातो. न्यू जर्सीतले आमचे धाकटे दीर पैसे घालायला तयार आहेत, म्हणून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायची आहे. दीर म्हणतात, मूळ कंपनी अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात काढा आणि इथे तिची उपकंपनी ठेवा. पणजीचे एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात, गोव्यात नोंदवा, माझ्या फ्लॅटचा पत्ता देतो. आमच्या घराचं लाइट बिल अजून कैलासवासी सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यामुळे इथे कागद अडतील अशी भीती वाटते. काय करावं?

उत्तर : ताई, कंपनी तुमच्या घरच्याच पत्त्यावर नोंदवा. लाइट बिलाची अडचण खरी आहे, पण ती सुटणारी आहे. तिच्यासाठी राज्य बदलू नका, देश तर नाहीच नाही.

पणजीत नोंदवून तुमचं काय वाचणार? आयकर देशभर एकच. जीएसटी नंबर माल जिथून निघतो त्या राज्यात घ्यावा लागतो, आणि तुमचा माल मांगरातून निघतो. अन्नसुरक्षेचा परवाना जागेला मिळतो. उद्योगांना मिळणारी राज्याची सवलत कारखाना कोणत्या तालुक्यात आहे ते बघते, कंपनीची पाटी कुठे लागली आहे ते नाही. स्टॅम्प ड्यूटी राज्यागणिक बदलते, हे खरं. पण अधिकृत भांडवल लहान असेल तर तो फरक काही हजारांच्या पलीकडे जात नाही, आणि 15 लाखांपर्यंतच्या भांडवलाला केंद्राची नोंदणी फी नाही. उद्या भागधारकांत वाद झाला तर गोव्याच्या कंपनीलाही मुंबईच्याच कंपनी न्यायाधिकरणात जावं लागतं. पुढे गोव्यात गोदाम घेतलंत तर तिथला वेगळा जीएसटी नंबर घ्या. त्यासाठी कंपनी गोव्याची असावी लागत नाही.

आता त्या फ्लॅटबद्दल. कंपनीचा नोंदणीकृत पत्ता म्हणजे नोटिसा आणि समन्स येण्याचा पत्ता. तिथे पोचलेलं पत्र कायद्याने तुम्हाला पोचलं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पक्षकार आले होते, त्यांनी असाच मित्राच्या घरचा पत्ता दिला होता. मित्राने घर बदललं, करखात्याच्या नोटिसा जुन्या दारावर जात राहिल्या आणि एकतर्फी आदेश झाला. ते आले तेव्हा बँक खातं गोठलेलं होतं आणि अपिलाची मुदत उलटून गेली होती. धंद्यात त्यांची काही चूक नव्हती. कंपनी निबंधक स्वतःहूनही पत्त्याची तपासणी करू शकतात. तिथे कार्यालय नसेल तर कंपनीला आणि जबाबदार संचालकांना दिवसाला 1,000 रुपये, जास्तीत जास्त 1 लाखापर्यंत दंड होतो आणि नोंदणी रद्द करण्याची कारवाईही सुरू होऊ शकते. नंतर महाराष्ट्रात आणू म्हणाल, तर विशेष ठराव, इंग्रजी आणि स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रांत जाहिरात, धनकोंना नोटीस, प्रादेशिक संचालकांची मंजुरी, आणि शेवटी कंपनीचा ओळख क्रमांक बदलतो म्हणून बँकेपासून परवान्यापर्यंत सगळे कागद पुन्हा.

डेलावेअरचा सल्ला दिरांनी चांगल्या मनानेच दिला असणार. अमेरिकन गुंतवणूकदारांकडून मोठं भांडवल उभारणाऱ्यांना ते राज्य सोयीचं पडतं. तिथलं चॅन्सरी न्यायालय 1792 पासून आहे आणि कंपन्यांचे वाद तिथे न्यायाधीशच ऐकतात, ज्युरी नसते. पण तुमची अडचण आपल्या फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात आहे. 2022 च्या परदेशी गुंतवणूक नियमांप्रमाणे भारतात राहणारी व्यक्ती परदेशी कंपनीत थेट गुंतवणूक करू शकते, मात्र ती कंपनी तिच्या नियंत्रणाखाली असेल तर त्या कंपनीला उपकंपनी असता कामा नये. दिरांच्या आराखड्यात नेमकी उपकंपनीच आहे, आणि तीही तुमच्या मांगरात. नियम पाळायचा तर नियंत्रण दिरांकडे द्यावं लागेल. तुम्ही दोघींनी उभा केलेला धंदा तुमच्याच हातून जाईल, आणि हे मला अजिबात पटत नाही. शिवाय दरवर्षी 1 मार्चपर्यंत तिथला किमान 175 डॉलर फ्रँचायझी कर, 50 डॉलर वार्षिक अहवालाचे, एजंटची फी वेगळी, आणि नफा असो-नसो दोन देशांतली विवरणपत्रं. परत फिरणंही स्वस्त नाही. फोनपेने 2022 मध्ये आपलं मूळ ठिकाण सिंगापूरहून भारतात आणलं, तेव्हा तिच्या गुंतवणूकदारांना सुमारे 8,000 कोटी रुपये कर पडला.

दिरांचे पैसे थेट इथल्या कंपनीत घ्या. त्यांना आधी एवढंच विचारा : ही रक्कम पुढे डॉलरमध्ये मोकळेपणाने परत न्यायची आहे का? हो म्हणाले, तर शेअर वाजवी मूल्यापेक्षा कमी भावाने देता येत नाहीत आणि वाटप झाल्यापासून 30 दिवसांत बँकेमार्फत एफसी-जीपीआर हा परदेशी गुंतवणुकीची माहिती देणारा रिझर्व्ह बँकेचा फॉर्म भरावा लागतो. नको म्हणाले, आणि ते अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डधारक (भारतीय वंशाचे परदेशी नागरिक) असतील, तर ती गुंतवणूक देशी मानली जाते आणि ही दोन्ही बंधनं राहत नाहीत. दोन्ही बाबतींत कंपनी सुरू झाल्यावर आलेल्या पैशांवर 60 दिवसांत शेअर द्या. आणि 10 टक्के किंवा त्याहून जास्त शेअर घेण्याआधी त्यांनी तिथल्या सीपीएला (आपल्याकडच्या सीएसारख्या हिशेबनीसाला) फॉर्म 5471 बद्दल, म्हणजे परदेशी कंपनीतल्या हिश्शाची माहिती अमेरिकन करखात्याला देण्याच्या फॉर्मबद्दल विचारावं, कारण तो चुकला तर दंड 10,000 डॉलरपासून सुरू होतो.

राहिलं लाइट बिल. पत्त्याच्या पुराव्याला दोन महिन्यांच्या आतलं बिल आणि घरमालकाचं ना-हरकत पत्र लागतं. सासरे गेल्यावर घर सासूबाई, तिन्ही मुलगे आणि मुलगी असेल तर तिचंही झालं. म्हणून मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची संमती जोडून महावितरणकडे नाव बदलून घ्या, ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा दुरुस्त करा आणि त्याच बैठकीत कंपनीसाठी ना-हरकत पत्रावर सह्या घ्या. नणंदेला वगळू नका. घरोब्यात तिची सही गृहीत धरली जाते आणि दहा वर्षांनी तीच सही न्यायालयात शोधावी लागते. मांगर कंपनीला भाड्याने देण्याचा करारही नोंदवून घ्या.

नोंदणी झाली की दारावर नावाची पाटी लावा. कायद्याने ती स्थानिक लिपीतही हवी, म्हणजे आपल्याकडे देवनागरीत. दिरांची कागदपत्रं अमेरिकेत नोटरी करून अपॉस्टिल (परदेशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) व्हायला वेळ जातो, तेवढं त्यांना आज रात्रीच्या फोनवर सांगून ठेवा.