काचेवरची फुली

प्रश्न: आम्ही साताऱ्यात शाहूनगरला राहतो, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. गेल्या वर्षी घराचं काम काढलं तेव्हा जिन्याला आठ बाय पाच फुटांची निळसर रिफ्लेक्टिव्ह काच बसवली. तेव्हापासून पाच पक्षी आपटून मेले. परवा तांबट गेला. घारीचं स्टिकर लावलं, आतून पडदाही सोडला, काही फरक नाही. काच काढूनच टाकावी का?
— एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर: ताई, काच राहू द्या. मी 23 वर्षं सांगली-मिरजेत ॲल्युमिनियम सेक्शन आणि काचेची कामं करतोय, तेव्हा यात दोष असलाच तर तो आम्हा मंडळींचा.

नवी काच बसवली की आम्ही तिच्यावर चुन्याची मोठी फुली मारतो. रंगारी, गवंडी, घरातली पोरं, कुणी धडकू नये म्हणून. काम संपलं की ओल्या फडक्यानं पुसून घर ताब्यात देतो. विश्रामबागेतल्या एका बंगल्याला मी अशीच काच लावली, समोर डेरेदार आंबा. जूनमध्ये मालकांचा फोन आला, “मिस्त्री, जरा येऊन जा.” पायरीवर नवरंग पडला होता. हिरवी पाठ, पंखावर निळा डाग, शेपटीखाली लालभडक. पावसाच्या तोंडावर दक्षिणेकडून येणारा हा पाहुणा. वर काचेवर त्याच्या छातीचा धुरकट ठसा उमटला होता आणि त्यात एक पिवळसर पीस चिकटलेलं. ठसा होता बरोबर तिथंच, जिथली फुली मी पुसली होती.

आता तुमच्या काचेचं बघू. तिला धातूचा पातळ मुलामा असतो. ज्या बाजूला उजेड जास्त, त्या बाजूनं ती आरसा होते. दिवसा बाहेर उजेड, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला किल्ल्याची झाडी आणि आभाळच दिसतं. पक्षी त्या झाडीत जायला निघतो. आतून पडदा लावला की मागं अंधार होतो, आणि प्रतिबिंब उलट आणखी ठळक पडतं. आतून चिकटवलेलं काहीही अशा काचेवर वाया गेलं समजा. जे करायचं ते बाहेरून.

घारीच्या स्टिकरचं म्हणाल तर पक्षी त्या घारीला भीतबीत नाहीत. वाटेत एक अडथळा आहे एवढंच त्यांना कळतं. ते बाजूनं वळतात आणि शेजारच्या मोकळ्या काचेवर आदळतात. मोकळी जागाच ठेवायची नाही, ही यातली मेख. ठिपक्यांची रांगोळी काढता तसे काचभर ठिपके हवेत, आडवे-उभे दोन-दोन इंचांवर, प्रत्येक ठिपका निदान दोन सूत, म्हणजे पाव इंच. तुमच्या काचेला अठ्ठेचाळीस गुणिले तीस, म्हणजे 1440 ठिपके झाले. घाबरू नका, एकेक चिकटवत बसायचं नाहीये. दुचाकीच्या नंबरप्लेटा करणाऱ्या रेडियमवाल्याला गाठा. तो मशीनवर पांढरे गोल कापून ट्रान्सफर पेपरवर ओळीनं देतो. काच धुवायची, कोरडी करायची, कागद दाबायचा, सोलायचा. सकाळच्या उन्हाआधी करा, तापलेल्या काचेवर फुगे धरतात.

रेडियम नको असेल तर बाहेरच्या चौकटीला वर आडवी पट्टी ठोकून एक सूत जाडीच्या नायलॉन दोऱ्या चार-चार इंचांवर खाली सोडा. वाऱ्यानं हलल्या तरी चालतं. एसटीच्या काचेवर जाहिरातीची छिद्राछिद्रांची फिल्म असते, तीही बाहेरून लावली तर उत्तम, पण जिन्यातला उजेड कमी होईल. मला स्वतःला दोऱ्या आवडतात. गिऱ्हाइकांना त्या आवडत नाहीत.

हे सगळं होईस्तोवर आजच भांड्याच्या साबणाची वडी घ्या आणि बाहेरून दोन-दोन इंचांवर उभ्या रेघा ओढा. पहिल्या पावसापर्यंत काम भागेल.

ठिपक्यांनी खरंच फरक पडतो का, असं मलाही वाटलं होतं. मुलानं मोबाईलवर शिकागोच्या मॅककॉर्मिक प्लेस या प्रदर्शन केंद्राची बातमी दाखवली. 2023च्या ऑक्टोबरात तिथं एका रात्रीत जवळपास हजार स्थलांतरी पक्षी काचांवर आपटून मेले. पुढच्या वर्षी त्यांनी काचांना ठिपक्यांची फिल्म लावली आणि मरणारे पक्षी एकदम कमी झाले. तिथं रात्रीचे दिवेही पक्ष्यांना ओढत होते. तुम्हीही जिन्यातला दिवा रात्रभर चालू ठेवू नका.

अंगणात पाण्याचं भांडं असेल तर ते काचेपासून तीन फुटांच्या आत आणा, नाहीतर तीस फुटांपलीकडे न्या. जवळून उडालेल्या पक्ष्याला वेग मिळत नाही. मधलं अंतर सगळ्यात वाईट.

आणि आपटलेला पक्षी जिवंत असला तर चोचीत पाणी ओतू नका, पाणी श्वासनळीत जातं. चपलांच्या खोक्याला भोकं पाडा, तळाशी फडकं घाला, पक्षी ठेवून झाकण लावा आणि मांजर पोचणार नाही अशा शांत जागी तास-दोन तास राहू द्या. मग अंगणात नेऊन खोकं उघडा. उडाला तर छान, नाहीतर वनखात्याच्या 1926 क्रमांकावर फोन करा. घरी पाळायचा मोह नको, तो गुन्हा आहे.

प्रश्न: आमच्या बाथरूमच्या काचेवर एक काळाजांभळा शिंजीर रोज सकाळी टकटक चोच मारतो. गाडीच्या आरशालाही सोडत नाही. त्याला काय हवंय?
— एक वाचक, मिरज

उत्तर: भांडण हवंय! तो नर आहे, विणीचे दिवस आहेत, आणि काचेतला दुसरा नर त्याच्या हद्दीतून हलायला तयार नाही. हा वर सांगितलेला अपघात नव्हे, पण बिचारा खाणंपिणं सोडून दमतो. बाथरूमच्या काचेला बाहेरून वर्तमानपत्र चिकटवा, काही आठवड्यांत त्याचा राग उतरेल. गाडीच्या आरशांवर जुने मोजे चढवा. निघताना मात्र काढा. मी एकदा तसाच थेट सांगलीपर्यंत गेलो होतो.