समई बाजूला ठेवा, आधी जातं घ्या

फोटोंवरून थ्रीडी मॉडेल बनवायला पहिलीच वस्तू पितळी समई घेतलीत, तिथेच फसलात. पितळेवरची चमक तुमच्याबरोबर सरकते, मग कोलमॅपला (फोटो जुळवून मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर) वेगवेगळ्या फोटोंत जुळणारे बिंदू सापडणार कुठून? टाकीचे घाव दिसणारं दगडी जातं घ्या. अंगणात, ढगाळ दिवशी.

नवखे हमखास एका जागी उभं राहून मोबाइल फिरवतात. त्यातून खोली, म्हणजे काय किती जवळ नि किती लांब, ते मिळत नाही. एक डोळा मिटून मान डावी-उजवीकडे हलवून बघा: जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी. सगळा खेळ त्या सरकण्याचा. म्हणून:

- जात्याभोवती चालत ४०-५० फोटो काढा. लागोपाठच्या फोटोंत ७०-८० टक्के भाग तोच हवा.
- झूमला हात लावू नका.
- शेजारी मोजपट्टी ठेवा, नुसत्या फोटोंवरून खरं माप कळत नाही.

लेन्स कॅलिब्रेशन (लेन्सची नेमकी मापं काढणं) वगैरे नंतर बघू. पहिल्या मॉडेलला भोकं पडतातच. माझं तर खालून अख्खं उघडं होतं.