नंबर खरा, गिटार खोटी : वाचकांचे प्रश्न

जुन्या इलेक्ट्रिक गिटारी ऑनलाइन विकत घेण्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : 1963 सालची म्हणून एक फेंडर स्ट्रॅटोकास्टर विक्रीला आहे. नेक प्लेटवरचा (नेक, म्हणजे मान, बॉडीला जोडणाऱ्या मागच्या धातूच्या पट्टीवरचा) नंबर 'एल' अक्षराने सुरू होतो आणि तो त्या काळाशी जुळतो, हे मी ताडून पाहिलं. विक्रेता 'सगळं ओरिजिनल' म्हणतो. फोटो भरपूर आहेत, पण सगळे बाहेरून काढलेले. आणखी काय मागू?

उत्तर : नंबर जुळला म्हणजे फक्त प्लेट जुळली. 'एल' मालिकेच्या प्लेट साधारण 1962 च्या अखेरीपासून 1965 पर्यंत लागल्या. कारखान्यात त्या हाताला येतील तशा उचलल्या जात, त्यामुळे नंबरावरून नेमकं वर्षही ठरत नाही. शिवाय ही प्लेट चार स्क्रूंवर बसते. ते काढले की खरी प्लेट कुठल्याही बॉडीवर चढवता येते.

तुम्हाला हवे आहेत आतले फोटो. पहिला, नेक काढून तिच्या बॉडीत बसणाऱ्या टोकाचा. 1962 च्या सुरुवातीपर्यंत तिथे पेन्सिलीने तारीख लिहीत, त्यानंतर रबरी शिक्का आला. 1963 च्या स्ट्रॅटवर तो '2 मार्च 63 बी' अशा धर्तीचा इंग्रजी शिक्का असतो. यातला 2 म्हणजे महिन्याची दुसरी तारीख नव्हे, तो स्ट्रॅटच्या नेकचा सांकेतिक आकडा आहे आणि 'बी' ही नटजवळच्या (खुंट्यांकडच्या बाजूला तारांना आधार देणाऱ्या खाचांच्या पट्टीजवळच्या) रुंदीची खूण. खोटे शिक्के मारणारे इथेच फसतात : कोणी 17 घालतो, कोणी 24, कारण त्याला ती तारीख वाटते. शिक्का अजिबात नसलेल्या खऱ्या नेकही सापडतात, तेव्हा नुसत्या अभावावरून गिटार खोटी ठरवू नका. मात्र तिथलं लाकूड आजूबाजूच्यापेक्षा उजळ किंवा घासल्यासारखं दिसलं, तर तिथे आधी काय लिहिलेलं होतं हा प्रश्न उभा राहतो.

त्याच फोटोत फ्रेटबोर्डची कडही दिसते. 1959 च्या मध्यापासून 1962 च्या मध्यापर्यंत रोझवूडची पट्टी जाड आणि खालून सपाट असे. त्यानंतर ती पातळ झाली आणि मेपलवर कमानीसारखी वाकवून बसवली जाऊ लागली. 1963 च्या नेकवर खालून सपाट, जाड पट्टी असेल तर नेक वेगळ्या वर्षाची आहे किंवा अलीकडे बनवलेली आहे.

दुसरा फोटो रिकाम्या नेक पॉकेटचा (नेक बसते त्या खाचेचा) आणि तिसरा पिकगार्ड (बॉडीवरचं प्लास्टिकचं आवरण) उचलून आतल्या बाजूचा. त्या काळात बॉडी रंगवताना टेबलाला चिकटू नये म्हणून तिला छोटे खिळे ठोकत आणि रंग झाल्यावर उपटून काढत. म्हणून मूळ रंगाच्या बॉडीवर पिकगार्डखाली खिळ्यांची बारीक भोकं सापडतात आणि भोकांच्या आत रंग नसतो. भोकात रंग उतरलेला दिसला, तर बॉडी नंतर पुन्हा रंगवलेली आहे. भोकं मुळीच नसतील, तर बॉडी 1963 ची असण्याची शक्यता फारच कमी. पुन्हा रंगवलेली गिटार खोटी नसते, पण बाजारात ती साधारण निम्म्या किमतीला जाते. 'ओरिजिनल' या शब्दाचे पैसे देण्याआधी ही भोकं पाहिलीच पाहिजेत.

पिकगार्ड तीन थरांचा, 11 स्क्रूंचा आणि जुनाट हिरवट झाक आलेला असावा. हे सेल्युलॉइड वर्षानुवर्षं आकसतं. त्यामुळे स्क्रूच्या भोकांजवळ चिरा जातात आणि स्क्रू किंचित तिरके ओढले जातात. नुसता हिरवा रंग मिसळून बनवलेला नवा गार्ड असा ओढलेला दिसत नाही. खाली पूर्ण आकाराचा ॲल्युमिनियमचा पत्रा असायला हवा. पिकअपच्या (तारांच्या कंपनाचा विद्युत संकेत करणाऱ्या भागाच्या) तळाची फायबरची पट्टी 1963 ला काळी होती, राखाडी 1964 पासून आली. वायरवर कापडी आवरण. आणि पिकअप निवडायचा स्विच तीन जागांचा! कारखान्यातून पाच जागांचा स्विच 1977 पासून आला. जुन्या गिटारीत पाच जागांचा स्विच दिसला म्हणून घाबरू नका, वाजवणाऱ्यांनी हा बदल सर्रास केला आहे. पण मग 'सगळं ओरिजिनल' हे विधान तिथेच खोटं पडतं आणि भावावर बोलायला तुमच्याकडे मुद्दा येतो.

'नेक काढली तर गिटारीची किंमत उतरते' असं विक्रेता म्हणेल. हे कारण आम्हाला पटत नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून तारा सैल केल्या की त्या खुंट्यांवरून सुटत नाहीत. मग नेकचे चार आणि पिकगार्डचे 11 स्क्रू काढायचे. सोल्डरला हात लावायचा नाही, एकही वायर तोडायची नाही. जुन्या गिटारींचे व्यापारी हे रोज करतात.

प्रश्न : '1964 ची' म्हणून दाखवलेल्या एका फेंडरच्या तिन्ही पॉटवर (आवाज आणि टोन बदलणाऱ्या बटणांखालच्या नियंत्रकांवर) 1376641 असा आकडा आहे. तो कसा वाचायचा? गिटार खोटी आहे का?

उत्तर : पहिले तीन आकडे बनवणाऱ्या कंपनीचे : 137 म्हणजे सीटीएस, 304 म्हणजे स्टॅकपोल, 134 म्हणजे सेंट्रालॅब. पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे तुमचे पॉट 1966 च्या 41 व्या आठवड्यातले. जुन्या सहा आकडी संकेतात वर्षाला एकच आकडा मिळतो, तेव्हा दशक इतर खुणांवरून ठरवावं लागतं.

पॉटची तारीख एवढंच सांगते की हे सर्किट त्याआधी जोडलेलं असू शकत नाही. नंतर किती दिवसांनी जोडलं, ते ती सांगत नाही. फेंडरने 1966 मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला होता आणि त्या सालचे पॉट 1969 पर्यंतच्या गिटारींत सापडतात. त्यामुळे तुमच्यासमोर दोनच शक्यता उरतात : पॉट नंतर बदलले, किंवा गिटारच 1966 नंतरची. निवाडा सोल्डर करेल. पन्नासेक वर्षांचा जुना सांधा मंद राखाडी असतो, त्यावर धूळ बसलेली असते आणि वायरचं कापडी टोक त्यात एकदाच वितळलेलं दिसतं. चकचकीत सांधा, पॉटच्या पाठीवर दोन थरांचं सोल्डर, शेजारी जळका डाग हे सगळं नंतर कोणीतरी काम केल्याचं लक्षण. सांधे जुने आणि न छेडलेले असतील तर पॉट मूळचेच आहेत, मग 1964 हे साल चुकीचं. तीनही पॉटच्या पाठी स्पष्ट दिसतील असा जवळचा फोटो मागा.

प्रश्न : 1982 ची गिब्सन लेस पॉल कस्टम फार स्वस्त मिळते आहे. मागच्या नंबरात आठ आकडे आहेत : 84922317. विक्रेता घाई करतो आहे.

उत्तर : घेऊ नका. 1977 पासूनच्या आठ आकडी नंबरात पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल होतं, मधले तीन वर्षातला कितवा दिवस ते सांगतात आणि शेवटचे तीन त्या दिवसाचा क्रम. 81052512 असा नंबर पाहा : 1982 चा 105 वा दिवस, म्हणजे 15 एप्रिल. क्रम 500 च्या वर, म्हणून त्या काळच्या हिशेबाने नॅशव्हिलचा कारखाना, खालचे क्रम कलामाझूचे. तुमच्या नंबरातला दिवस 492 वा आहे आणि वर्षाला तेवढे दिवस नसतात.

उलट, हिशेबात बसणारा नंबरही पुरेसा नाही, कारण नकला करणारे खऱ्या गिटारीचा नंबर उचलून शेकडो गिटारींवर मारतात. म्हणून हेडस्टॉकवरची (नेकच्या खुंट्या असलेल्या टोकावरची) ट्रस रॉडची, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईची, झाकणपट्टी पाहा. गिब्सनच्या नेहमीच्या पट्टीला दोन स्क्रू असतात, बहुतेक स्वस्त नकलांना तीन. पट्टी काढली की आत गिब्सनमध्ये 5/16 इंचाचा षट्कोनी पितळी नट बाहेर आलेला दिसतो. नकलेत बहुधा खोल बसलेलं ॲलन कीचं भोक असतं. हेडस्टॉकच्या मागे नेकला तिरपा सांधा मारलेला दिसला, तर तिथेच थांबा. गिब्सनची नेक आणि हेडस्टॉकचा मधला भाग सलग लाकडाचा असतो, फक्त हेडस्टॉकच्या दोन्ही कडांना छोटे तुकडे चिकटवून रुंदी वाढवलेली असते. नकलाकाराला हा सांधा सोयीचा पडतो, कारण त्याला लहान लाकूड पुरतं.

प्रश्न : 1959 च्या सनबर्स्ट लेस पॉलची जाहिरात दिसली. पीएएफ ('पेटंट अप्लाइड फॉर' स्टिकरचे गिब्सनचे जुने) पिकअप, 9 ने सुरू होणारा शाईचा नंबर, सगळं बरोबर दिसतं. अशी गिटार ऑनलाइन मिळू शकते का?

उत्तर : मिळू शकते, पण ती ओळखीच्या व्यापाऱ्याकडून आणि जाणकाराने हातात घेऊन तपासल्यावर. 1958 ते 1960 या काळातल्या सनबर्स्ट लेस पॉल दीड हजाराच्या आसपासच बनल्या आणि त्यांचे भाव घरांच्या किमतींशी स्पर्धा करतात. अनोळखी विक्रेत्याच्या चार फोटोंवर ती कोणी विकत नाही.

इथला खरा धोका स्वस्त नकलेचा नाही, गिब्सनच्याच पुनर्निर्मितीचा आहे. 1993 पासून कंपनीने 1959 च्या नमुन्यावर बनवलेल्या गिटारींचा नंबरही शाईचा आणि 9 ने सुरू होणारा असतो. फक्त त्यात पुढचा आकडा बनवण्याचं साल सांगतो. या गिटारींच्या कंट्रोलच्या खोबणीत 'आर 9' अशी खूण असते आणि लबाडी करणारा ती खरवडून काढतो. खोबणीच्या तळाचा, सगळ्या भिंतींचा फोटो मागा. कुठे लाकूड ताजं खरवडलेलं किंवा मुद्दाम काळं केलेलं दिसलं तर समजून घ्या. लाकडात खोल ठोकलेला 'मेड इन यूएसए' हा शिक्का 1959 ला नव्हता, तो 1970 च्या सुमाराला आला. ब्रिजचे (बॉडीवर तारांना आधार देणाऱ्या भागाचे) खांबही पाहा : त्या काळच्या ब्रिजचे बारीक स्क्रू थेट लाकडात जातात, मोठ्या धातूच्या बुशात नाहीत.

पीएएफ पिकअपचं स्टिकर सगळ्यात सहज बनवता येतं, त्याला महत्त्व देऊ नका. कव्हर काढलेलं असेल तर बॉबिनच्या (तार गुंडाळलेल्या रिळाच्या) वरच्या बाजूला गोल खुणेच्या आत चौकोनी भोक आणि खालच्या धातूच्या पायांवर इंग्रजी 'एल' आकाराच्या हत्याराच्या खुणा शोधा. मल्टिमीटरने मोजलेला रोध मात्र पुरावा नाही, कारण खऱ्या पीएएफमध्येही तो एका पिकअपपासून दुसऱ्यापर्यंत बराच बदलतो.

प्रश्न : अतिनील टॉर्चने मूळ रंग ओळखता येतो असं वाचलं. कुठला टॉर्च घ्यावा आणि काय पाहावं?

उत्तर : 365 नॅनोमीटरचा घ्या. 395 चे स्वस्त टॉर्च जांभळा उजेडच जास्त फेकतात आणि त्यात काही कळत नाही. खोली पूर्ण अंधारी करा. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर सहसा पिवळट-हिरवं चमकतं. ज्या जागी नंतर रंग मारला, ती चमकेत काळपट पट्ट्यासारखी उठून दिसते. नेक आणि हेडस्टॉक जिथे मिळतात तिथे, खोबणींच्या कडांना आणि पट्ट्याच्या बटणांपाशी आधी पाहा. हेडस्टॉक मोडून जोडलेला असेल, तर गिब्सनमध्ये ती रेघ बहुधा नटच्या मागेच सापडते.

दोन अडचणी आहेत. काही खास रंगांवर फेंडरने वरचा पारदर्शक थर दिलाच नाही, तिथे मूळ रंगही चमकणार नाही. आणि दुरुस्ती पन्नास वर्षांपूर्वीच झाली असेल, तर तिचं लॅकरही मूळ लॅकरसारखंच दिसतं. म्हणून या टॉर्चचा शब्द शेवटचा मानू नका, खिळ्यांची भोकं आणि सोल्डर यांच्या जोडीने वाचा.

प्रश्न : खरी झीज आणि मुद्दाम केलेली झीज यांत फरक कसा करावा?

उत्तर : झीज कुठे आहे, याआधी ती तिथे का आहे ते विचारा. उजव्या हाताचा कोपर जिथे टेकतो, पट्ट्याचं बकल जिथे घासतं, अंगठा नेकच्या मागे जिथे सरकतो, तिथेच रंग गेलेला असावा. खऱ्या झिजेत रंगाची कड हळूहळू पातळ होत जाते आणि उघडं पडलेलं लाकूड घाम-मळाने काळवंडतं. पॉलिश पेपरने केलेल्या झिजेची कड तुटक असते आणि आतलं लाकूड फिकट, कोरं. लॅकरच्या भेगा बॉडीवर बहुधा लाकडाच्या रेषांना आडव्या, वेड्यावाकड्या जातात. ब्लेडने ओढलेल्या भेगा सरळ आणि एकाच खोलीच्या असतात. शेवटी धातू पाहा : बॉडी खरवडलेली, पण स्क्रूंची डोकी नवी कोरी, किंवा स्क्रू गंजलेले आणि त्यांची भोकं स्वच्छ, असं दिसलं तर दोन गोष्टींची वयं जुळत नाहीत.

प्रश्न : 'लॉसूट' जपानी गिटार म्हणजे काय? जास्त पैसे द्यावेत का?

उत्तर : 1977 मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने, नॉर्लिनने, आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर हेडस्टॉकच्या आकारावरून दावा लावला होता. प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. त्यात सगळ्या जपानी गिटारी कधीच नव्हत्या, तरी आज विक्रेते 1970 च्या दशकातल्या कुठल्याही जपानी नकलेला हे विशेषण लावतात. गिटार चांगली असेल तर घ्या, विशेषणाचे वेगळे पैसे देऊ नका.

प्रश्न : फोटो समाधानकारक आहेत. पैसे देताना काय काळजी घ्यावी?

उत्तर : आधी प्रत्येक फोटो इमेज सर्चमध्ये टाका, चोरलेले फोटो बहुतेक वेळा तिथेच सापडतात. मग विक्रेत्याला नेक काढलेल्या गिटारीशेजारी कागदावर आजची तारीख आणि तुमचं नाव लिहून नवा फोटो काढायला सांगा, किंवा व्हिडिओ कॉलवर दाखवायला सांगा. मित्राला पाठवल्यासारखे थेट पैसे कधीही पाठवू नका. त्यात परताव्याची सोय नसते आणि लबाड विक्रेते नेमके तसेच पैसे मागतात. खरेदीदाराला संरक्षण देणारी पद्धतच वापरा.

'ओरिजिनल' हा शब्द सुटासुटा लिहून घ्या : रंग, नेक, पिकअप, पॉट, सोल्डर, खुंट्या, फ्रेट, प्रत्येकासमोर मूळ की बदललेलं. वाद झाला तर हीच यादी कामाला येते. परत करण्याची मुदत गिटार पोचल्यापासून मोजली जाईल आणि त्या मुदतीत कारागिराकडून नेक काढून तपासणी करून घेता येईल, हे पैसे देण्याआधी लेखी ठरवा. पेटी उघडतानाचं चित्रीकरण सलग ठेवा, मधे थांबवू नका. नेकवरचा शिक्का आणि पॉटचे आकडे आधी पाठवलेल्या फोटोंशी जुळतात का, हे त्याच चित्रीकरणात दाखवा.