येताना रिकामी पिशवी आण

प्रिय दोस्ता,

पाळीव प्राण्यांच्या ऑनलाइन दुकानासाठी तू केलेली पानं पाहिली. रंग छान, वरचं पिल्लू त्याहून छान. पण मजकुराच्या जागी सगळीकडे 'लोरेम इप्सम' हा जागा भरायचा निरर्थक मजकूर भरलायस आणि म्हणतोस, मजकूर काय, नंतर येईल. येत नाही रे वेळेवर. आला तर चौकटीत मावत नाही. 'मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी कोरडं खाद्य' हे तुझ्या त्या इवल्या बटणात टाकून बघ. ओळींमधलं अंतरही इंग्रजीच्या मापाचं आहे; वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतील.

मी हे कुत्र्यांच्या गळपट्ट्यांपायी शिकलो. एका दुकानासाठी आम्ही लहान, मध्यम, मोठा अशी तीन गोंडस बटणं केली होती. पट्टे परत यायला लागले. लॅब्रॅडॉर म्हटल्यावर माणूस 'मोठा'च मागवणार, मग ते पिल्लू चार महिन्यांचं का असेना! 'गळ्याचा घेर टेपनं मोजा, पट्टा बांधल्यावर आत दोन बोटं जायला हवीत,' एवढी ओळ नि एक चित्र हवं होतं. त्याला जागाच ठेवली नव्हती. अख्खं पान नव्यानं मांडावं लागलं.

म्हणून मुखपृष्ठ तूर्त बाजूला ठेव. खाद्याची 3 किलोची एकच पिशवी घे. घेणारा काय विचारतो? माझ्याच्या वयाला चालेल का, रोज किती घालू, किती दिवस पुरेल. रोज 200 ग्रॅम खाणाऱ्याला 15 दिवस. हा हिशोब किमतीला खेटून हवा, खाली दडवलेल्या तक्त्यात नको. मांजराचा विभाग वेगळाच कर. मांजराला टॉरिन हे पोषक द्रव्य खाण्यातूनच मिळावं लागतं, कुत्र्याच्या खाद्यावर ते भागत नाही.

पक्ष्यांचं जरा जपून. आपल्याकडे बरेच जण बजरी या छोट्या परदेशी पोपटालाच लव्हबर्ड म्हणतात, तेव्हा शोधात दोन्ही नावं चालू देत. खरा पक्षी कोणता ते फोटो सांगेल. आणि तिथं तू लावलेला तो लाल चोचीचा हिरवा पोपट आधी काढ. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपले देशी पोपट घरात पाळता येत नाहीत. मजकूर लिहिणारा शेजारी बसला असता तर त्यानं तो लावूच दिला नसता.

शुक्रवारी संध्याकाळी ये. लॅपटॉप राहू दे घरी; खाद्याची एखादी रिकामी पिशवी आण, तिच्या मागचं सगळं आपण मोठ्यानं वाचू.

तुझा,
काका